हाकेला ‘ओ’ कोण देणार?

दर पावसाळ्यात एक भांडण नव्यानं उकरून काढलं जातं. एका बाजूला प्रशासनाचं ठरलेलं आवाहन असतं: समाजमाध्यमांवरच्या अफवांवर विश्वास ठेवू नका, फक्त अधिकृत माहितीवर विसंबून राहा. दुसऱ्या बाजूला उत्साही तरुण मंडळी असतात. सरकार झोपलेलं असताना व्हॉट्सॲपनं आणि ट्विटरनं (नाव बदलून ‘एक्स’ झालं, तरी आपल्या तोंडी तेच बसलंय) माणसं वाचवली, असं त्यांचं म्हणणं. नुकतेच एका जाहीर चर्चेत हे दोन्ही पक्ष समोरासमोर ऐकले. महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, “पोतंभर मेसेज येतात, त्यात मूठभर खरे असतात.” त्यावर एक स्वयंसेवक मुलगी म्हणाली, “त्या मुठीत माणसं असतात.” टाळ्या दोघांनाही पडल्या. मी मात्र चिडून घरी आले. दोघंही हुशार, दोघंही तळमळीनं बोलणारे, पण तासभर एकाच खुंट्याभोवती फिरत राहिले: मेसेज खरा असतो की खोटा?

हा प्रश्नच मला दुय्यम वाटतो. आपत्तीत आलेल्या पोस्टला मी हाक समजते. नदीतून कुणाची हाक ऐकू आली, तर काठावरचा माणूस आधी तिचा खरेखोटेपणा ठरवत बसत नाही. तो आवाजाच्या दिशेनं जातो आणि पोरं खोड्या काढत होती असं दिसलं, तर शिव्या देत परततो. म्हणून समाजमाध्यमांवर आलेल्या हाकेची दखल घेणं हे प्रशासनाचं नेमून दिलेलं काम असलं पाहिजे. वेळ मिळाला तर बघू, कुणी उत्साही अधिकारी असेल तर बघेल, अशी ती मेहेरबानी असू नये. मात्र त्याच दमात दुसरंही म्हणते. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे होडी आधी, हा न्याय चालता कामा नये. आणि जिथून हाक आलीच नाही, तिकडे सगळ्यांत आधी पाहिलं पाहिजे. हा दुसरा भाग वादात कुणीच काढत नाही.

माझ्या घरचं उदाहरण देते, आणि ते माझ्याच बाजूला थोडं अडचणीचं आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, तेव्हा माझी आत्या पेठमापात पहिल्या मजल्यावर अडकली होती. सोबत काका आणि शेजारची एक बाळंतीण. मी पुण्यात. सकाळी तिचा फोन लागला तो शेवटचा. त्यानंतर वीज नाही, रेंज नाही. मी मेसेज लिहिला: पत्ता, ३ माणसं, काकांना इन्सुलिन लागतं, आत्याचा नंबर. सापडेल त्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत तोच मेसेज अनोळखी लोकांकडून माझ्याकडे परत आला, तेव्हा त्यात ‘३’च्या पुढे शून्य चढलं होतं आणि ‘दोन दिवस अन्नपाणी नाही’ अशी भरही पडली होती. पाणी येऊन धड एक दिवसही झाला नव्हता. संध्याकाळी आत्याला बाहेर काढलं ते गोवळकोटकडून होडी घेऊन आलेल्या पोरांनी. त्यांनी माझा मेसेज पाहिलाच नव्हता. ते खिडकीतून मारलेली हाक ऐकून वळले होते.

म्हणजे माझा मेसेज फुकट गेला. उलट त्यानं नुकसानच केलं असेल, कारण नसलेल्या तीस माणसांसाठी कुणीतरी कुठंतरी होडी शोधत असणार. हा हिशेब लपवून समाजमाध्यमांची बाजू मांडणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. म्हणून आधी विरोधी पक्षाचं जे खरं आहे, ते पदरात घालून टाकते.

खोटेपणाचा मुद्दा खरा आहे आणि तो दिवसेंदिवस अधिक खरा होतो आहे. एप्रिल २०१६ मध्ये जपानमधल्या कुमामोतोत भूकंप झाला आणि प्राणिसंग्रहालयातून सिंह सुटल्याचा फोटो पसरला. प्राणिसंग्रहालयाचे फोन त्या चौकशांनी अडकले. तो फोटो टाकणाऱ्या विनोदवीराला पुढे अटक झाली. तो निदान मस्करी करत होता. १ जानेवारी २०२४ रोजी जपानच्याच नोटो द्वीपकल्पाला भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा ‘ढिगाऱ्याखाली अडकलोय, वाचवा’ अशा बनावट पोस्टी पडल्या. कुणाच्या तरी खऱ्या शब्दांची जशीच्या तशी नक्कल आणि खाली भलताच पत्ता. का? तर मधल्या काळात ‘एक्स’ कंपनीनं पोस्ट जितकी पाहिली जाईल तितके पैसे द्यायला सुरुवात केली होती. संकटातल्या हाकेला बाजारभाव आला. आपल्याकडची गोष्ट याहून भीषण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानं भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. त्या अफवेचं वाहन व्हॉट्सॲप होतं. हे ज्यानं पाहिलंय, त्या पोलीस अधिकाऱ्यानं ‘अफवांपासून सावध राहा’ असं घसा फोडून सांगितलं, तर त्याला हसायचा अधिकार मला नाही.

पण म्हणून कान बंद करायचे? अग्निशमन दलाला खोटे फोन येतच असतात. त्यासाठी कुणी टेलिफोनची तार कापल्याचं ऐकिवात नाही. खोट्या फोनची शक्यता धरूनच तिथं माणूस बसवलेला असतो. तो दोन प्रश्न उलटे विचारतो, नंबर टिपतो आणि मग गाडी सोडतो. आणि अफवेला मोबाइल लागतोच असंही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी जुहूजवळच्या नेहरूनगर झोपडपट्टीत त्सुनामी आली, धरण फुटलं, अशी आवई उठली आणि अंधारात धावत सुटलेल्या गर्दीत पंधराहून अधिक माणसं चिरडून मेली. तेव्हा व्हॉट्सॲप जन्मालाही आलं नव्हतं. तोंडातोंडी पसरलेल्या शब्दानं ती माणसं मारली, कारण त्या रात्री खात्रीचं सांगणारं त्यांच्यापर्यंत कुणी पोचलेलं नव्हतं. अफवा मोकळ्या जागेत वाढते. ती जागा मोकळी कुणी ठेवली, हेही विचारायला नको का?

इथं ‘अधिकृत माहिती’ या शब्दाबद्दल थोडं बोलू द्या. सांगलीत पुराच्या दिवसांत लोक एकमेकांना एकच प्रश्न विचारतात: “आयर्विनला किती फूट?” कृष्णेवरच्या या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कोणत्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी येतं, हे प्रत्येक घराला अनुभवानं माहीत असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं, म्हणजे त्या अनुभवाच्या पार पलीकडे. अशा वेळी अधिकृत माहिती येते ती कशी? अमुक धरणातून तमुक हजार क्युसेक विसर्ग. क्युसेकचं गणित करून माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागेल, हे सांगणारा कुणी आहे का? नसतो. मग तो माणूस ग्रुपवर विचारतो आणि ज्याला काहीही माहीत नाही असा दुसरा माणूस आत्मविश्वासानं उत्तर देतो. अधिकृत माहिती खरी असते, पण बऱ्याचदा ती फायलीसाठी लिहिलेली असते. शिवाय ती वेळेत येतेच असंही नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा धरणावर जवान वाळूची पोती रचत असताना शहर आपल्या रोजच्या कामाला लागलेलं होतं. पुण्यातल्या जुन्या घरांत आजही सांगतात, की कळलं ते पाणी दारात आल्यावर.

मेसेज खोटा ठरला म्हणजे तक्रार खोटी ठरली का, हा प्रश्न काही आजचा नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर तपासणी करत होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढं साक्ष द्यायला इंग्लंडात गेलेले. त्यांना पुण्याहून पत्रं येत होती आणि त्यांत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे आरोप होते. गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर केले. आजच्या भाषेत, विश्वासू माणसाकडून आलेला मेसेज त्यांनी पुढे पाठवला. सरकारनं पुरावा मागितला. तोवर पुण्यात रँडचा खून होऊन गेला होता, नातूबंधू स्थानबद्ध होते, टिळक अटकेत होते. पत्र लिहिणारे पुढे येईनात. परतलेल्या गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि तो सल त्यांना पुढं फार काळ सोसावा लागला.

या प्रसंगाचा अर्थ लावताना आपण आजही दोन तट करतो. एक म्हणतो, खात्री न करता बोलल्याचं फळ. दुसरा म्हणतो, गोखल्यांनी कच खाल्ली. पण पुण्यातल्या एका गल्लीतलं गाऱ्हाणं खासगी पत्रातून लंडनला आणि तिथून मँचेस्टरच्या वर्तमानपत्रात का जावं लागलं? कारण पुण्यात ते ऐकून घेणारी खिडकीच नव्हती. प्लेग समितीकडे केलेल्या तक्रारींची दाद लागत नव्हती. जवळचा कान बंद झाला की गाऱ्हाणं लांबच्या रस्त्यानं जातं, वाटेत त्याचे तपशील झिजतात, फुगतात, सांगणाऱ्याचं नाव गळून पडतं. आणि मग तपशील सिद्ध झाले नाहीत म्हणून अख्खं गाऱ्हाणंच खोटं, असा शिक्का मारता येतो. माझ्या मेसेजमध्ये तीनाचे तीस झाले, ते याच रस्त्यावर. नियंत्रण कक्षाचा फोन मी सकाळपासून लावत होते आणि तो सतत एंगेज होता.

सव्वाशे वर्षांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. एप्रिल–मे २०२१ मध्ये देशभर लोक ट्विटरवर ऑक्सिजन मागत होते. उत्तर प्रदेशात आजोबांसाठी ऑक्सिजनची याचना करणाऱ्या एका तरुणावर, तो भीती पसरवतो म्हणून, गुन्हा दाखल झाला. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५४ खोटा इशारा देऊन घबराट माजवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद सांगतं. कलम वाईट नाही, पण ते मदत मागणाऱ्यावर रोखलं गेलं की त्याचं टोक उलटतं. ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाला बजावावं लागलं, की समाजमाध्यमांवर गाऱ्हाणं मांडणाऱ्या नागरिकांवर कारवाई केलीत तर तो न्यायालयाचा अवमान धरू. आणि त्याच दिवसांत दिल्लीतल्या न्यूझीलंडच्या उच्चायुक्तालयानं ऑक्सिजन सिलिंडरसाठी एका राजकीय पक्षाच्या युवक संघटनेला ट्विटरवर साद घातली. नंतर ती पोस्ट काढून टाकली, दिलगिरीही व्यक्त केली. पण ज्यांच्या हाताशी सगळे राजशिष्टाचाराचे दरवाजे, त्यांनाही हाच रस्ता धरावासा वाटला, हे त्या पोस्टनं सांगितलंच.

आता दुसरा आक्षेप, आणि माझ्या मते सगळ्यांत वजनदार. तो सरकारी बाजूनं क्वचितच येतो, यायला हवा. समाजमाध्यमांवर कोण हाक मारतं? ज्याच्याकडे चार्ज असलेला फोन आहे, रेंज आहे, लिहिता येतं आणि ज्याचे नातेवाईक पुण्या-मुंबईत आहेत. माझ्या आत्याला भाची होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ न्यूयॉर्कवर आलं, तेव्हा ट्वीटांचा सगळ्यांत दाट ढग मॅनहॅटनवर होता. ब्रीझी पॉइंट, कोनी आयलंड, रॉकअवे इथं नुकसान जास्त, पण तिथून आवाज तुरळक. ट्वीट मोजून कुणी नकाशा काढला असता, तर मदत सगळ्यांत कमी गरजेच्या जागी आधी गेली असती.

आणि माळीण? ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेवर माणसांसकट. गावातून एकही फोन गेला नाही. करायला उरलं कोण होतं? जगाला कळलं ते एसटीच्या चालकामुळं. तो नेहमीच्या फेरीला गेला आणि त्याला गाव दिसेना. तेव्हा फेसबुक होतं, व्हॉट्सॲप होतं. पण त्या दिवशी कामाला आलं ते एसटीचं वेळापत्रक. २०२१ मध्ये चिपळूणवर सगळ्यांचे डोळे लागलेले असताना त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. महाडला पुराचा वेढा, रस्ते बंद, आणि मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्या दिवशी माझ्या फोनवर चिपळूणचे शेकडो मेसेज होते. तळियेचा एकही नव्हता.

हे मान्य केल्यावर समाजमाध्यमांची बाजू कोसळते असं काहींना वाटेल. मला उलट वाटतं. हा आक्षेप पोस्टी वाचू नका असं सांगत नाही, पोस्टी मोजून रांग लावू नका असं सांगतो. शिवाय तो एक हत्यारही हातात देतो. कुठून किती आवाज येतोय हे कळत असेल, तर कुठून येत नाही हेही कळू शकतं. जिल्ह्यातल्या गावांची यादी समोर ठेवा. रोज काही ना काही बोलणारं गाव अतिवृष्टीच्या रात्रीनंतर सकाळपर्यंत गप्प आहे. तलाठ्याचा फोन लागत नाही, पोलीस पाटलाचा लागत नाही, ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर कालपासून एक ओळ नाही. या शांततेला बातमी मानून तिथं माणूस पाठवायचा. माळीणच्या एसटी चालकानं अजाणता केलं, ते जाणूनबुजून करायचं. डोंगरकपारीच्या वाड्या-पाड्यांवर कधीच रेंज नसते. त्यांची नावं पावसाळ्याआधीच यादीच्या वरच्या टोकाला लिहून ठेवायची आणि त्यांच्यासाठी पायी जाणारा माणूस नेमायचा. कोतवाल नावाचं पद आपण याहून वेगळ्या कशासाठी निर्माण केलं होतं?

मग ऐकायचं कसं? याची उत्तरं हवेत नाहीत. ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या पुरात राज्याच्या आयटी मिशनच्या पाठबळानं स्वयंसेवकांनी एक संकेतस्थळ उभं केलं. तिथं मदत मागणाऱ्यानं नाव, ठिकाण, किती माणसं, कुणी आजारी आहे का, एवढंच भरायचं. माझ्यासारखी मुंबई-दुबईतली नातेवाईक मंडळीच ते भरत होती. पलीकडे स्वयंसेवक बसून उलटा फोन लावायचे: अजून तिथंच आहात का? उलट्या फोनात सगळी जादू होती. बाकी तंत्रज्ञान सामान्य होतं. आणि तरीही माणसं बाहेर काढली ती कुणी? ६६९ होड्या घेऊन आलेल्या साडेचार हजारांवर मच्छीमारांनी. सरकारी हिशेबानं किमान ६५ हजार माणसं. नदीचं पात्र कुठं आणि गल्ली कुठं हे कळेनासं झालेलं असताना त्यांना कुठल्या घराकडे वळायचं हे सांगणारं कुणीतरी लागत होतं. होडी आणि यादी यांची गाठ पडली, तिथं काम झालं. चिपळूणला होड्या होत्या, याद्याही होत्या. गाठ पडली नाही.

हैतीतून याच्याही आधीचा एक धडा आहे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तिथं ४६३६ या क्रमांकावर फुकट एसएमएस पाठवायची सोय झाली. संदेश यायचे हैतीच्या क्रेऑल बोलीत, आणि मदत पथकं इंग्रजी-स्पॅनिश बोलणारी. अमेरिकेत आणि अन्यत्र स्थायिक झालेले हैतीचे लोक रात्र रात्र जागून ते उलगडून द्यायचे. शब्दांचा अर्थ सांगणं सोपं होतं. खरं काम होतं ते जागा ओळखण्याचं. ‘चर्चच्या मागं, आंब्याच्या झाडापाशी’ म्हणजे नेमकं कुठं, हे त्या मातीत वाढलेल्यालाच कळतं. आपल्याकडे मेसेज कसा येतो? ‘चिंचनाक्यावरून आत, पूर्वी गिरण होती त्याच्या बाजूला, निळी गच्ची.’ त्यातही अर्धं देवनागरीत, अर्धं रोमन लिपीत, ‘खेंड’ की ‘खेड’ हे समजणार नाही अशा स्पेलिंगमध्ये. एक शहरातलं उपनगर, दुसरं तीस किलोमीटरवरचं गाव. हे काम यंत्रावर सोपवा असं हल्ली सर्रास सुचवलं जातं. यंत्रानं ढिगातून एकसारखे मेसेज एकत्र करावेत, जरूर करावेत. पण ‘पूर्वी गिरण होती’ हे फक्त तिथल्या शिक्षकाला, पोस्टमनला, आशाताईंना आणि घरोघर सिलिंडर पोचवणाऱ्याला ठाऊक असतं.

म्हणून तालुक्यागणिक अशा पाच-सहा माणसांची फळी नियंत्रण कक्षाला आधीच बांधून द्यावी. पूर आल्यावर नव्हे, मे महिन्यातच. नावासह, मानधनासह, पर्यायी बॅटरीसह. आज जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ वर फोन घेणारा माणूस नेमलेला असतो, मुंबईत १९१६ वर असतो. पोस्टी वाचायला मात्र जनसंपर्क विभागातला एखादा मुलगा असतो आणि त्याचं मुख्य काम साहेबांचे दौऱ्याचे फोटो चढवणं हे असतं. प्रशासनाच्या समाजमाध्यमाला तोंड आहे, कान नाही. पावसाळ्यात ‘सचेत’ या सरकारी इशारा यंत्रणेचा संदेश आपल्या फोनवर कर्कश वाजतो, आणि ते चांगलंच आहे. पण त्या इशाऱ्याला उत्तर देऊन ‘आम्ही तिघं इथं आहोत’ असं सांगायची सोय त्यात नाही.

एक शंका मात्र मला खरोखर छळते. हे सगळं आपण ज्या रस्त्यावर बांधायचं म्हणतो, तो रस्ता खासगी मालकीचा आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला. ढिगाऱ्याखालून माणसं फोनवरून आपला ठावठिकाणा टाकत होती, आणि बाहेर तरुण प्रोग्रामर त्या पोस्टी गोळा करून नकाशे बनवत होते. दोनच दिवसांनी, शोधकार्य ऐन भरात असताना, तिथं ट्विटर काही तासांसाठी अडवलं गेलं. सरकारला टीका नको होती, असं अनेकांचं म्हणणं. भूकंपाच्या काही दिवस आधीच कंपनीनंही पोस्टी गोळा करण्याची फुकट सोय बंद करण्याची घोषणा केलेली होती. एकाच वेळी सरकार आणि कंपनी दोघांचाही हात नळाच्या चावीवर. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. संकटाच्या काळात इंटरनेट बंद करण्याचा अधिकार मदतकार्य चालू असलेल्या जिल्ह्यात वापरता येणार नाही, एवढं कायद्यात लिहून घेता येईल. कंपन्यांना आपत्तिग्रस्त भागातल्या पोस्टी शोधपथकांसाठी खुल्या ठेवायला भाग पाडता येईल. आणि त्याहून महत्त्वाचं, हे माध्यम एकुलतं एक ठेवायचं नाही. बिनतारी संच, एसटी, दवंडी, मशिदीचा आणि देवळाचा भोंगा. हे सगळे रस्ते जिवंत राहिले पाहिजेत.

खासगीपणाचंही तसंच. कोविडच्या दिवसांत मदतीसाठी फोन नंबर जाहीर केलेल्या कितीतरी मुलींना पुढे महिनोन् महिने घाणेरडे फोन आणि मेसेज आले. हाक उघड्यावर मारावी लागते, पण ती उघड्यावरच पडून राहावी असं कुठं आहे? प्रशासनानं नोंद घेतली, होडी गेली, माणूस सुटला, की तिथंच जाहीर लिहायचं: ‘सुटका झाली, मेसेज थांबवा.’ माझ्या मते सगळ्या सूचनांत हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. असं लिहिलं की पन्नास माणसं फॉरवर्ड करायची थांबतात आणि होडी पुढच्या घराकडे वळते. निवृत्त साहेबांचं ते ‘पोतंभर’ मोठ्या अंशी असं कधीच बंद न झालेल्या हाकांनी भरलेलं असतं. ते मेसेज खोटे नसतात. शिळे असतात.

आत्या आता माझ्याकडेच असते. गेल्या पावसाळ्यात, कोकणात झोडपून पाऊस चालू असताना, एका सकाळी तिचा फोन वाजला. पलीकडे कुणीतरी तरुण पोरगा होता, धापा टाकत बोलत होता. “आजी, तुम्ही पेठमापात ना? तीस जण आहात? पाणी कुठवर आलंय?” माझा मेसेज कुठल्यातरी ग्रुपवर पुन्हा वर आला होता, शून्यासकट. आत्यानं हातातली भाजी खाली ठेवली. “अरे बाळा, मी पुण्यात आहे, स्वयंपाकघरात. त्या मेसेजवर तारीख काय आहे बघ बरं.” पोरगा थोडा वेळ थांबला. बहुधा खालीवर करून बघत असावा.

“नाहीये, आजी.”